कुठून आलात, कशासाठी आलात

१८६४ साली जबलपूरला नगरपालिका मिळाली. गावात कोण राहतं, कुणाचं घर कुठे आहे, दिवा कुठे लावायचा आणि पट्टी कुणाकडून घ्यायची, याचा हिशेब ठेवणारी एक कचेरी शहरात आली. त्याच वर्षी गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने परकीयांविषयीचा एक कायदा केला. १८६४चा तिसरा कायदा, असं त्याचं सरकारी नाव. ज्या मुलखात तो पुरता लागू होईल तिथे येणाऱ्या प्रत्येक परकीयाने सही करून सहा गोष्टी कळवायच्या होत्या: नाव, देश, कुठून आलो, कुठे निघालो, कशासाठी आलो आणि कोणत्या तारखेला पोचलो. कळवायचं कुणाला? मोठ्या प्रेसिडेन्सी शहरांत पोलीस कमिशनरला आणि इतरत्र जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटला.

नगरपालिकेचं नाव त्यात कुठेही नव्हतं. शहरात राहणाऱ्यांची वही एका दारात आणि बाहेरून येणाऱ्यांची दुसऱ्या दारात, ही विभागणी तेव्हा पडली आणि जबलपुरात ती आजही तशीच आहे. परदेशातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर शिकायला, नोकरीला किंवा नातेवाइकांकडे राहायला आलेल्या माणसाची नोंद जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे होते. परकीय नोंदणी अधिकारी तेच.

जबलपूरचा एखादा मराठी इंजिनिअर म्युनिकला नोकरीला गेला, की त्याला उलटा अनुभव येतो. घर मिळाल्यापासून दोन आठवड्यांत त्याला नगर कार्यालयात जाऊन राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते आणि घरमालकाची सही असलेला कागद दाखवावा लागतो. त्या कागदाशिवाय पुढची बरीच कामं अडतात. पण रांगेत त्याच्या पुढे उभी असलेली बाई हॅम्बुर्गहून बदली होऊन आलेली जर्मनच असू शकते. घर बदललं की नोंद सगळ्यांनाच करावी लागते. जपानमध्ये परकीयांसाठी अनेक दशकं वेगळी वही होती, त्यांच्या बोटांचे ठसेही घेतले जात. जुलै २०१२पासून तिथेही दीर्घ मुदतीसाठी राहणाऱ्या परकीयांची नावं जपान्यांच्याच रहिवासी नोंदवहीत आली. आपल्याकडे मात्र परक्याची वही वेगळी राहिली आणि पोलिसांकडेच राहिली. ते का झालं, हे समजून घ्यायला जबलपूरइतकं चांगलं शहर क्वचितच सापडेल.

जुनी वही कोतवालाची. अबुल फझलच्या आइन-ए-अकबरीत कोतवालाची कामं सविस्तर सांगितली आहेत. त्याने घरांची आणि वर्दळीच्या रस्त्यांची नोंदवही ठेवायची, शेजाऱ्यांना एकमेकांसाठी जामीन करून मोहल्ले बांधायचे, प्रत्येक मोहल्ल्यावर एक मुखिया नेमायचा आणि कोण आलं, कोण गेलं याची खबर रोज त्याच्याकडून घ्यायची. अनोळखी माणूस आला तर त्याला वेगळ्या सराईत उतरवायचं. हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा गढ्याचं राज्य मोगलांकडे जाऊन फार काळ लोटला नव्हता. राणी दुर्गावती १५६४ साली नर्रईच्या लढाईत पडली आणि आजच्या जबलपुराला लागून असलेलं गढा मोगलांच्या कागदांत माळवा सुभ्याखाली आलं. खेड्यापाड्यांत कोतवालाचा हुकूम किती चालला असेल, हा भाग वेगळा. पण त्या वहीत गावकरी आणि पाहुणा दोघंही होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेजारी कोण, हे ठाऊक असल्याशिवाय नवखा कोण हे कळणार कसं?

१७८१मध्ये सागरच्या मराठ्यांनी शेवटच्या गोंड राजाला बाजूला सारून हा मुलूख घेतला आणि कारभार जबलपुरात आणला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. त्याच सुमारास पुण्याच्या कोतवालीतही शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद होत असे, आणि रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्याला चौकीत बसावं लागे. हा अधिकार किती भयंकर होऊ शकतो ते पुण्याने १७९१मध्ये पाहिलं. परमुलखातून आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना घाशीराम कोतवालाने कोंडून घातलं, त्यांतले कित्येक गुदमरून मेले आणि चिडलेल्या लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारलं. मेलेले परगावचे होते. त्यांच्यासाठी हमी द्यायला मोहल्ल्यात कुणी नव्हतं. जबलपुरात कोतवाली हे नाव आजही एका ठाण्याचं आणि त्याभोवतीच्या वस्तीचं आहे.

डिसेंबर १८१७मध्ये इंग्रज आले आणि वहीचं स्वरूप पालटलं. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची ठगांविरुद्धची मोहीम जबलपूरला भरात आली. १८३६मध्ये छापलेल्या त्याच्या ‘रामासीयाना’ या ग्रंथात ठगांच्या बोलीतले शब्द आहेत आणि त्यांच्या वंशावळीही. बाप, मुलगा, चुलता, जावई, कोण पकडला गेला, कोण फाशी गेला. माफीचे साक्षीदार झालेल्यांना कुटुंबांसह जबलपुरात ठेवलं गेलं, त्यांच्यासाठी उद्योगशाळा काढली, तिथे तंबूचं कापड आणि गालिचे विणले जाऊ लागले. या लोकांची नोंद जितकी बारकाईने झाली तितकी त्या काळी शहरातल्या कुठल्याही सभ्य गृहस्थाची झाली नसेल. ठगांचे गुन्हे खरे होते आणि वाटसरूंचे खूनही खरे होते. पण त्या दप्तरातून सरकारच्या मनात एक समज पक्की बसली, की वाटेवर फिरणारा माणूस म्हणजे संशयाचा माणूस. कोतवालाच्या वहीतला शेजारी गळाला आणि संशयित तेवढा उरला.

मार्च १८७०मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपुरात अलाहाबादकडच्या मार्गाला जोडला गेला. मुंबई ते कलकत्ता सलग आगगाडी धावू लागली. सुएझ कालवा नुकताच उघडला होता. युरोपातून निघालेला माणूस आता काही आठवड्यांत नर्मदेच्या खोऱ्यात उतरू शकत होता, आणि उतरणारे सगळेच साहेब नव्हते. काम सुटलेले खलाशी, फौजेतून मोकळे झालेले शिपाई, रेल्वेच्या कामावरून काढलेले कारागीर असे गोरे लोक स्टेशनांवर आणि बाजारांत पैसे मागत हिंडू लागले. सरकारला त्याची लाज वाटली. १८६९मध्ये युरोपियन भटक्यांसाठी खास कायदा झाला आणि १८७४मध्ये तो नव्याने लिहिला गेला. गरीब गोऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, सरकारी कामघरात ठेवायचं आणि काम मिळालंच नाही तर जहाजात बसवून परत पाठवायचं, अशी त्याची तरतूद. खिशात पैसा असलेल्या गोऱ्याला मात्र कुणी काही विचारत नव्हतं.

पहिल्या महायुद्धाने हे मोकळेपण संपवलं. ऑगस्ट १९१४च्या वटहुकुमाने परकीयांना कुठे राहायचं आणि कुठे जायचं नाही हे सांगण्याचा अधिकार सरकारकडे आला आणि जर्मन-ऑस्ट्रियन माणसं अहमदनगरच्या छावणीत पोचली. १९१७पासून युद्धकाळच्या नियमांखाली पासपोर्ट आवश्यक झाला, १९२०मध्ये त्याचा कायमचा कायदा झाला.

इंग्रज माणूस परकीयांवरच्या निर्बंधांतून सुटत असे, कारण कायद्याच्या लेखी तो परका नव्हता. तरीही जबलपूर विभागातल्या एका इंग्रजाला इथे राहण्यासाठी हमीपत्र लिहून द्यावं लागलं. व्हेरियर एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींच्या सहवासाने बदलले आणि १९३२च्या जानेवारीअखेर शामराव हिवाळे या मराठी सोबत्याबरोबर मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिले. गाव गोंडांचं, रस्ता जेमतेम. गांधींच्या माणसाने गोंडांत वस्ती करावी हे सरकारला खपत नव्हतं आणि नागपूरच्या बिशपलाही राजनिष्ठेच्या शपथेशिवाय ते नको होतं. त्याच वर्षी एल्विन इंग्लंडला गेले, तेव्हा परतीसाठी पासपोर्ट मिळेना. गोंडांमधल्या कामापुरताच राहीन, कायदेभंगात किंवा इतर राजकारणात भाग घेणार नाही, चळवळीतल्या लोकांशी संबंध ठेवणार नाही, असं लिहून दिल्यावरच त्यांना परतता आलं.

करंजियाच्या लोकांना या कागदाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने पुण्या-मुंबईकडून आलेले शामराव आणि विलायतेहून आलेले एल्विन सारखेच परगावचे होते. गावाने त्यांना आपल्या नात्यात बसवून घेतलं: एल्विन बडा भाई, शामराव छोटा भाई. शामरावांनी पुढे वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिलं. त्या समाजावरचं ते पहिल्या महत्त्वाच्या कामांपैकी आहे आणि मराठी वाचकांना ते जेवढं ठाऊक हवं तेवढं नाही, ही खेदाची गोष्ट. एल्विननी १९५४मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. गावाने त्यांना भाऊ म्हटल्यानंतर देशाने आपलं म्हणायला वीसहून अधिक वर्षं घेतली.

परकीय नोंदणीचा कायदा झाला तो १९३९ साली, आणि त्याच्या महिनाभर आधी जबलपूर सगळ्या देशाच्या नजरेत होतं. शहराबाहेर नर्मदेकाठी मार्चमध्ये काँग्रेसचं त्रिपुरी अधिवेशन भरलं. नाव कलचुरींच्या जुन्या त्रिपुरीचं, म्हणजे भेडाघाटच्या वाटेवरच्या तेवर गावाचं. आजारी सुभाषबाबूंना तिथे खाटेवरून न्यावं लागलं, अध्यक्षाच्या मिरवणुकीत बावन्न हत्ती होते आणि मंडपात गांधींच्या बाजूचे व सुभाषबाबूंच्या बाजूचे यांच्यात उभी फूट पडली. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. त्या मंडपात इजिप्तच्या वफ्द पक्षाचं शिष्टमंडळही बसलं होतं, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. इंग्रजांच्या अमलाने कावलेल्या दोन देशांची माणसं नर्मदेकाठी एकमेकांना भेटत होती.

एप्रिलच्या ८ तारखेला नोंदणी कायद्यावर मोहोर उठली. युरोपात युद्धाचे ढग होते, हे त्यामागचं उघड कारण. परकीयाने आपण इथे आहोत हे कळवायचं, मुक्काम हलवला तर तेही कळवायचं, उतारूंना खोली देणाऱ्याने त्यांची नोंद ठेवायची आणि मागितली तर दाखवायची. आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याविषयी शंका आहे त्याच्यावरच टाकली होती. मोडणाऱ्या परकीयाला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या काळचे हजार रुपये म्हणजे साध्या कारकुनाची वर्षभराची कमाई, तीही क्वचितच तेवढी. १९४६मध्ये आणखी कडक परकीय कायदा आला. पुढच्या वर्षी इंग्रज गेले. हे दोन्ही कायदे राहिले. १९५७च्या दुरुस्तीने भारताचा नागरिक नसलेला प्रत्येकजण परकीय ठरला आणि इंग्रजाचं नावही त्याच वहीच्या कक्षेत आलं.

या वहीत दुःखाची पानंही आहेत. युद्धकाळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. १९४८पर्यंत ते तिथे होते. त्यांना परत जायला पूर्वीचा देश उरला नव्हता.

आणि मग फाळणी. परका कोण, हा प्रश्न एका रात्रीत शेजाऱ्यापर्यंत आला. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी १९ जुलै १९४८पासून परवाना पद्धत सुरू झाली आणि तीच तारीख राज्यघटनेच्या सहाव्या कलमात कायमची कोरली गेली. त्याआधी आलेला आणि इथेच राहिलेला माणूस आपोआप नागरिक. त्यानंतर आलेल्याने सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून नाव नोंदवायचं, तेही घटना लागू होण्याच्या आत, आणि अर्जापूर्वी निदान सहा महिने भारतात राहिलेलं असलं पाहिजे. हिशेब केला तर जुलै १९४९च्या अखेरीनंतर आलेल्याला ही वाट बंद होती. जबलपुरात स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांसाठी एखाद्या आठवड्याचा उशीर म्हणजे पुढच्या पिढीपर्यंत पुरणारी कटकट ठरू शकत होती. कराचीच्या मराठी माणसांपुढेही हाच प्रश्न होता. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा ज्या शहरात एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेली होती, तिथली मराठी कुटुंबं आपल्याच भाषेच्या मुलखात परतताना आगमनाची तारीख सिद्ध करणारे कागद जपत होती.

ही कहाणी १९५०मध्ये संपली नाही. पाकिस्तानातून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येऊन राहणारे हिंदू पुढेही येत राहिले. २०१६च्या डिसेंबरमध्ये अशा लोकांची नागरिकत्व नोंदणी करण्याचे अधिकार केंद्राने काही मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले. नागपूर, भोपाळ, इंदूर त्या यादीत होते, जबलपूर नव्हतं.

तिबेट्यांची गोष्ट निराळी, आणि नीट ऐकली तर जास्त टोचणारी. १९७२मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, आजच्या गोंदियातल्या गोठणगावजवळ, नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत झाली. थंडी पडली की तिबेटी विक्रेते मध्य भारतातल्या शहरांत स्वेटर आणि शाली घेऊन येतात आणि गिऱ्हाइकांशी अस्खलित हिंदी बोलतात. त्यांच्यातल्या बहुतेकांकडे परकीय म्हणून दिलेलं नोंदणी प्रमाणपत्र असतं, ते मुदत संपली की पोलिसांकडून नवं करून घ्यावं लागतं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच नागरिक आहे. हे तिबेट्यांनाही लागू आहे, एवढं ठरायला २०१०मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तोवर महाराष्ट्रात जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली माणसं ठाण्याच्या बाकावर परदेशी म्हणून बसत होती.

याची दुसरी बाजू आपल्याच माणसांनी सातासमुद्रापार पाहिली आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडचे मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. तिथे सगळे मिळून सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर उतरले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर प्रत्येकाला क्रमांक मिळे. नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा असं सगळं वहीत चढे. १८६०च्या दशकात त्यात छायाचित्राची भर पडली. करार संपलेल्या जुन्या मजुरालाही छायाचित्राचं तिकीट कायम बाळगावं लागे आणि ते जवळ नसेल तर भटक्या म्हणून अटक होई. १८७१मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या मळेवाल्याच्या मदतीने ९,४०१ मजुरांनी याविरुद्ध अर्ज केला आणि विलायतेहून चौकशी आयोग आला.

त्या वह्या आता मॉरिशसमधल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्या गावाहून पणजोबा निघाले ते शोधायला लोक तिथे येतात. २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशजांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड देण्याची घोषणा झाली आणि त्या वह्यांतल्या उताऱ्यांना नवी किंमत आली. ज्या तिकिटावाचून पणजोबाला पोलीस पकडत, त्याचीच नोंद आज पणतवाला भारताशी असलेलं नातं दाखवायला उपयोगी पडते. नोंद माणसाच्या इतकी कामी येऊ शकते. म्हणूनच ती कोणाच्या दारात होते, कोणत्या सुरात होते आणि नोंदवून घेणारा माणूस समोरच्याला खुर्ची देतो की नाही, या बाबी किरकोळ नाहीत. जबलपुरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची किंवा सुनेची नोंद महापालिकेत, बाकीच्या रहिवाशांच्या शेजारी का होऊ नये, हा प्रश्न विचारायला दीडशे वर्षं उशीर झाला आहे.

२०१८मध्ये नोंदणीचं बरंच काम ऑनलाइन झालं. १ सप्टेंबर २०२५पासून १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे जाऊन स्थलांतर व परकीयांविषयीचा एकच कायदा आला. त्यात हॉटेलांबरोबर विद्यापीठं आणि रुग्णालयांवरही परकीयांची माहिती देण्याची जबाबदारी आहे.

तेवरवरून पुढे जाणाऱ्या रस्त्याने परदेशी पर्यटक भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवाँधार पाहायला जातात. ते जबलपुरात ज्या हॉटेलात उतरतात, तिथला कारकून त्यांचा पासपोर्ट घेऊन परकीयांसाठीचा फॉर्म भरतो: नाव, देश, कुठून आलात, पुढे कुठे जाणार, कशासाठी आलात, कधी पोचलात. १८६४चे सहाच्या सहा प्रश्न त्यात आहेत, वर व्हिसाचा क्रमांक आणि छायाचित्र. चोवीस तासांच्या आत तो भरून पाठवावा लागतो.